सोळापैकी चौदा आणे: ऐरोलीची फ्लेमिंगो बोट

आमच्या घरातल्या बाईने खाडीत जायला तिकीट काढलं, हे बाबांना कळलं असतं तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला असता. मी चेंदणी कोळीवाड्यातली. बाबांची लहानशी होडी होती आणि आई पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. लग्नानंतर कोपरीत आले, आता 22 वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. खाडी दिसते ती कळव्याच्या पुलावरून गाडी जाताना, तीसुद्धा दारात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी काखेतून.

तर ऐरोलीच्या बोटीबद्दल. फेब्रुवारीत दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी बोटीत पायही ठेवता आला नाही, दुसऱ्या रविवारी सगळं मनासारखं झालं. दोन्ही लिहिते, कारण पहिल्या रविवारची चूक पुष्कळ जण करत असणार.

झालं असं की भाचीने, म्हणजे माझ्या भावाच्या सायलीने, व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात दाखवली. फ्लेमिंगो सफारी, जाण्यायेण्यासकट, नाश्त्यासकट, सोबत पक्ष्यांची माहिती सांगणारा माणूस. कंपनीचं नाव लिहीत नाही. पोरं लहान आहेत, धंदा नवा आहे, शिकतील. पण पैसे घेतले ते मात्र जुन्या धंद्यासारखे. सकाळी अकराला ठाण्यातून निघायची गाडी बाराला निघाली. नाश्त्याला सँडविच होतं. त्यातली काकडी आदल्या रात्री कापलेली होती, हे मी न खाता सांगू शकते, तो माझा धंदा आहे. दीड वाजता ऐरोलीला केंद्राच्या दारात पोचलो तर आतून शांतपणे सांगण्यात आलं, आजच्या फेऱ्या सकाळीच झाल्या, आता पाणी नाही.

आयोजकाने बुकिंग केलेलंच नव्हतं. त्याला वाटलं राणीच्या बागेसारखं असेल, दारात तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. आम्ही अकरा जण त्याच्याकडे बघतोय, तो मोबाइलकडे बघतोय. शेवटी मला म्हणाला, "मॅडम, आज टाइड अनएक्स्पेक्टेड होती."

भरती अनपेक्षित! अहो, जगात जेवढ्या गोष्टी वेळेवर येतात त्यात भरतीचा नंबर पहिला. एसटी नंतर, पगार त्याच्याही नंतर.

बाबा चौथी शिकलेले, पण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ. ती कशासाठी लागते ते मला शाळेत कुणी सांगितलं नाही, होडीत कळलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पाणी भरणार, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. पुनवेला किंवा अवसेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. मुंबईच्या बाऱ्यातून, म्हणजे बंदराच्या तोंडातून, पाणी वर ठाण्याकडे यायला अजून थोडा वेळ लागतो, म्हणून आमच्याकडे अर्धा-पाऊण तास वाढवून धरायचे. भरती झाली की सहा तास आणि थोडं वर मोजायचं, ओहोटी पूर्ण. बस, एवढंच. ना ॲप, ना इंटरनेट. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

त्या रविवारी द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहाला खाडी भरून पुन्हा उतरायला लागलेली, आणि आम्ही दीड वाजता काकडी सँडविच घेऊन हजर. निघण्याआधी मी स्वतः कालनिर्णय का बघितलं नाही, याचा राग मला त्या पोरापेक्षा माझाच जास्त आला. कोळ्याची मुलगी ना मी? अर्धे पैसे परत मिळाले, पुष्कळ मेसेज केल्यावर. उरलेले अर्धे मी शिकवणीचे समजले.

पुढच्या रविवारी संकष्टी. चार पाऊण तीन, त्यात आपली वाढ धरून साडेतीन-पावणेचार. मी सरळ केंद्रात फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, बोट चारला निघेल, अर्धा तास आधी या. फोन ठेवून मी सायलीला म्हटलं, तुझे आजोबा पास झाले.

जायचं सोपं आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशी-पनवेलची गाडी धरायची, आता मध्ये दिघा गाव लागतं, त्यानंतर ऐरोली. तिथून रिक्षा. 'फ्लेमिंगोची बोट' म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं. 'किनारी व सागरी जैवविविधता केंद्र' म्हणायला जाल तर तो तुम्हालाच पत्ता विचारेल. हे केंद्र सरकारच्या कांदळवन कक्षाचं. आत एक माहितीचं दालन आहे, समुद्रातल्या जिवांच्या प्रतिकृती वगैरे. मुलं सोबत असतील तर वेळ काढून बघा. मी भराभर फिरले, माझं लक्ष पाण्याकडे होतं.

बोटीत आम्ही धरून पंधराएक जण. केशरी जॅकेटं घालायची, आणि ती घातल्याशिवाय बोट हलत नाही, ही पहिली चांगली गोष्ट. एक मोठं कुटुंब होतं, आजीपासून नातवापर्यंत, आणि त्यांच्या एका मुलाकडे तो गाणी वाजवायचा गोल डबा. दोन कॅमेरेवाले, ज्यांच्या भिंगांची लांबी माझ्या लाटण्याच्या दुप्पट. एक नवीन लग्न झालेलं जोडपं, ज्यांना पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ते ठीकच आहे. सुकाणूवर बसलेला माणूस पन्नाशीपुढचा, तिथल्याच गावातला, काळासावळा, डोळे बारीक करून बघायची सवय. मी त्याच्या बसण्यावरूनच ओळखलं की याने इंजिनाआधी वल्हं मारलंय.

"दादूस, कुठल्या बाजूला नेणार?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बाय कुठली?"

"चेंदणी."

मग पुढचा तासभर तो बोलला तो अर्धा सगळ्यांशी आणि अर्धा माझ्याशी.

खाडी त्या वेळी काठोकाठ होती. एका अंगाला ऐरोलीचं तिवराचं रान, म्हणजेच कांदळवन, समोर लांबवर भांडुप-विक्रोळीचं, मागे ऐरोलीचा पूल, आणि मधोमध पाण्यात उभे विजेचे मनोरे. पहिली पंधरा मिनिटं फ्लेमिंगो एकही नाही. कुटुंबातली आजी म्हणाली, "पक्षी कुठायत?" मुलाने गाणं लावलं. सायलीने डोळे मिटून घेतले, ती रागावली की असंच करते. सोबत आलेल्या माहिती देणाऱ्या मुलीने हसतमुखाने, पण दोनदा सांगून डबा बंद करायला लावला. तोवर बगळे दिसत होते, खांबावर एक खंड्या, वर घारी, पांढऱ्या कुरवांचा एक थवा पाण्यावर डुलत. पण लोकांना गुलाबी हवं होतं.

दादूसने इंजिन मंद केलं आणि रानाच्या कडेला बोट नेली. "पानी उतरू दे," म्हणाला. "आधी चिखल बघा."

हे मला इथे सगळ्यात सावकाश सांगायचं आहे. बोटीवर गेलात तर हे चुकवू नका.

पाणी उतरायला लागलं की तिवराच्या मुळाशी आधी एक ओली रेघ दिसते. मग पाण्यातून शेकडो टोकं वर येतात, बोटाएवढी, जमिनीत पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. ती तिवराची श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक वर काढून उभं राहतं. मग चिखल स्वतः उघडा पडतो, आणि तो नुसता चिखल नसतो. त्यावर भोकं असतात, भोकांच्या तोंडाशी मातीच्या बारीक गोळ्या असतात, लहान खेकडे एक नांगी वर-खाली करत असतात, जसं कुणी लांबून हात करून बोलावतंय. सगळा पृष्ठभाग बारीक बारीक हलत असतो. उकळी यायच्या आधी आमटी कशी थरथरते, तसा.

आणि त्यात मला निवटी दिसली.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: वीतभर मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे, पाण्याबाहेर चिखलावर पुढच्या परांवर सरकत चालतो, मध्येच टुणकन उडतो. आई तिशीत असताना गुडघाभर चिखलात उतरून निवट्या हाताने धरायची. बिळाला तोंडं दोन-तीन असतात. एका तोंडाशी हात दाबून ठेवायचा आणि दुसऱ्यातून कोपरापर्यंत आत जायचं. राख लावून घासायच्या, नाहीतर हातातून सुटतात. त्या कालवणाच्या वासावर आम्ही तीन भावंडं चुलीभोवती बसायचो. आणि आज ती समोर हातभर अंतरावर, माझा संकष्टीचा उपास, वर अभयारण्य. दादूसला माझ्या तोंडाकडे बघून समजलं असावं. हसायला लागला.

"हायत अजून," म्हणाला. "पन पूर्वीवानी नाय."

वळणावर बोट गेली तेव्हा ते दिसले. आधी वाटलं पलीकडच्या काठावर कुणीतरी साडी वाळत घातली आहे. मग साडी हलली. शेकडो असतील, एका रेषेत, उघड्या पडत चाललेल्या चिखलाच्या पट्टीवर. रंग विचाराल तर सोलकढीचा. लांबून तसा, आणि जवळून पंखाच्या घडीत मात्र नुसतं आगळ, पाणी न घातलेलं. दादूसने इंजिन बंदच केलं. बोट आपसूक वाहत थोडी पुढे गेली आणि आवाज ऐकू आला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे पक्षी इतके बोलतात. सतत घुमल्यासारखी कुरकुर, लग्नघरी मागच्या अंगणात बायका भाजी निवडत बसल्या की जशी येते तशी.

खायची पद्धत बघा. मान खाली घालून डोकं उलटं करतात, म्हणजे चोचीची वरची बाजू खाली. चोच मध्येच वाकडी आहे ती त्याचसाठी. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेला बारीक गाळणी असते तिच्यातून बाहेर ढकलायचं, मागे राहील ते गिळायचं. चहाच्या गाळणीत जे उरतं ते आपण फेकतो, यांचं पोट त्यावर भरतं. पाय एकाजागी दमादमाने रोवत राहतात, चिखल ढवळला जावा म्हणून. सायलीने दोन जाती दाखवल्या. उंच, फिकट, पायाने लांब तो मोठा, आणि बुटका, गडद, चोच जवळजवळ काळी-तांबडी तो छोटा. मोठ्याचं जगात बरं चाललं आहे. छोटा संकटसमीप यादीत आहे, म्हणजे अजून धोक्यात नाही पण उंबऱ्यावर उभा. या खाडीत गर्दी जास्त करून त्याचीच. त्यांच्यात राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, खाण्यातूनच हळूहळू रंग चढतो.

मोठ्या कुटुंबातला तो डबेवाला मुलगा उठला. "काका, उडवा ना जरा! व्हिडिओ काढायचाय. नुसता हॉर्न मारा."

मला वाटलं आता दादूस गिऱ्हाइकासाठी इंजिन सुरू करणार. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं किती जड जातं ते मला माहीत आहे. तो जागेवरून हललाही नाही.

"त्यांचं जेवन चाललंय," म्हणाला. "तुमाला कुनी भरल्या पानावरनं उठवलं तर चालंल काय?"

मुलाची आजीच म्हणाली, "बस खाली." आणि तो बसला.

तिकिटाचे पैसे मी त्या एका वाक्यात वसूल धरले. सायलीने नंतर समजावलं की खायला वेळ फक्त ओहोटीतला असतो, त्यात चारदा उडवलं तर पोट अर्धवट राहतं, आणि पावसाच्या तोंडाशी पुन्हा गुजरातेत कच्छच्या रणापर्यंत जायची ताकद त्या अर्धवट पोटातून यायची कुठून? हे सगळं बरोबरच आहे. पण दादूसने जे सांगितलं ते शास्त्र न सांगता सांगितलं, आणि त्या मुलाला ते कळलं.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, बाबांच्या वेळी हे पक्षी असे नव्हतेच ना? तो म्हणाला, नव्हते. त्याच्या लहानपणीही नव्हते. थवेच्या थवे यायला लागले ते 1990 नंतर. आणि इथे माझ्या मनात जे खळबळलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, दोन्ही काठांवर वस्ती वाढली, आणि सगळ्यांचं पाणी खाडीत. जिताडा गेला, कोळंबी गेली, बोय आली तर रॉकेलचा वास घेऊन. बाबांनी 1989 साली होडी विकली आणि त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत वॉचमन झाले. गेटवर रात्रपाळी. मागच्या नाल्यातून रात्री पाणी सुटायचं तेव्हा ते खुर्चीची दिशा बदलून बसायचे, हे त्यांनी एकदाच सांगितलं. आता सांडपाण्यातून खाडीत जी खतावळ येते, त्यावर निळं-हिरवं शेवाळ माजतं, आणि छोटा फ्लेमिंगो ते शेवाळ खातो. म्हणजे ज्या घाणीने आमचं ताट गेलं त्याच घाणीवर यांची पंगत बसली. मी त्या सुंदर पक्ष्यांकडे बघत होते आणि मला आनंदही होत होता आणि सवतीच्या मुलाचं बारसं बघितल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे. कुणाला हे कडू वाटलं तर वाटू दे.

दादूसला मी हे बोलून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्याच्या गावातही 2015 साली अभयारण्य झालं तेव्हा लोक घाबरले होते, आता जाळं बंद होणार म्हणून. माझ्या भावाचीही तीच भीती होती, त्याला हे सगळं पक्ष्यांचे लाड वाटायचे. "पन पाखरांच्या नावावर तिवर तरी राहिली," दादूस म्हणाला. "नायतर या जागेवर टॉवर असता." ते काही खोटं नाही. 2005 साली उच्च न्यायालयाने तिवरतोडीला मनाई केली, 2018 साली त्यावर शेवटचा शिक्का बसला. 2012 साली कांदळवन कक्ष आला. 2022 साली ही खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या मोलाच्या पाणथळींत. सुमारे 17 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, त्यातलं अर्ध्याहून जास्त तिवराचं रान. पण कागदावरच्या रेषेला डोळे नसतात. रात्री रानात कुणी राडारोड्याचा डंपर रिकामा केला, कुठल्या फाटक्या जाळ्यात कोल्हा अडकला (होय, या तिवरात कोल्हे आहेत, सोनेरी, संध्याकाळी दिसतात), हे आधी कळतं ते दादूससारख्या माणसाला. तोच फोन करतो. पूर्वी मासे आणायला जायचा, आता माणसं घेऊन जातो, पण वाट तीच, आणि नजरही तीच. मला वाटतं या फेरीचं खरं मोल तिथे आहे. पक्षी दाखवायला दुर्बीण पुरते. खाडी दाखवायला खाडीतला माणूस लागतो.

नेरुळच्या डीपीएस शाळेमागच्या तळ्याचं उदाहरण ताजं आहे. भरतीचं पाणी आत यायची वाट बंद पडली, तळं सुकत गेलं, 2024 साली तिथे फ्लेमिंगो मेले. आसपासची माणसं रोज जाऊन फोटो काढत, अर्ज करत, आरडाओरडा करत राहिली. 2025 साली राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव करायला संमती दिली. त्याच 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला होता आणि 39 पक्षी मेले होते. खाडीतले पक्षी भरतीला चिखल बुडाला की अशा तळ्यांवर टेकायला जातात, ओहोटीला परत येतात. एक जागा गेली की ते दुसरीकडे उडणार, आणि कुठून उडणार ते कोण ठरवणार?

परत येताना पाणी बरंच उतरलं होतं आणि श्वासमुळांवर अडकलेला माल दिसायला लागला. थर्माकोलचे तुकडे, चपला, देवाच्या फोटोची चौकट, दुधाच्या पिशव्या. आणि पातळ पांढऱ्या पिशव्या, पाच पोळ्या मावतील एवढ्या. अगदी तशाच मी रोज दीडशे वापरायचे. माझ्याच असतील असं नाही, पण नसतील असंही छातीवर हात ठेवून सांगता येईना. आता मी पोळ्या कागदात देते. दोन गिऱ्हाइकं तुटली, म्हणतात पोळी कोरडी पडते. पडते, खरंच पडते. डबा घेऊन या म्हणते, तर हसतात. शेजारच्या इमारतीतले जोशीकाका तेवढे रोज स्टीलचा डबा आणतात, त्यांना मी अर्धी पोळी जास्त देते.

आता कामाचं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत पक्षी असतात, पण जानेवारीनंतर जा. दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून मी लिहीत नाही, स्वतः फोन करून विचारा आणि कुणा मधल्या माणसाकडून घेऊ नका. फोन करायच्या आधी तिथीची पाऊणकी करून बघा, गंमत येते. भरती होऊन पाणी उतरतानाची फेरी मिळाली तर तीच घ्या, तेव्हाच चिखल उघडा पडतो. डोक्याला रुमाल किंवा टोपी घ्या, पाण्यावरचं ऊन दोन्ही बाजूंनी भाजतं. भडक कपडे घालू नका. मी लाल साडी नेसले होते, माहिती देणाऱ्या मुलीने काही म्हटलं नाही, पण कॅमेरेवाल्यांनी बघितलं. सायलीची दुर्बीण होती म्हणून शेकाट्या आणि मालगुजा ओळखता आले, नाहीतर माझ्यासाठी लांब पायांचे सगळे सारखेच. मालगुजाही संकटसमीप आहे, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही, तो मातकट आहे ना.

सोळापैकी चौदा आणे. दोन आणे कापले ते बोटीचे नाहीत, आमचे. बसणाऱ्यांचे. ते गाणं, ते हॉर्न मारा, आणि उतरताना एका बाकाखाली राहिलेली वेफर्सची पिशवी. ती सायलीने उचलली.

घरी पोचायला साडेसात झाले. चंद्र पावणेदहाच्या सुमारास उगवणार होता, तोवर मोदकांचं सारण परतायला वेळ होता. चेंदणीला आईला फोन लावला. ती 79 वर्षांची, गुडघ्यांनी गेली, खाडीवर जाऊन तिला बारा वर्षं झाली असतील. मी तिला फ्लेमिंगोंचं सगळं सांगितलं, रंग, आवाज, चोच उलटी कशी धरतात. ती 'हं, हं' करत राहिली. दादूसचं भरल्या पानाचं वाक्य सांगितलं तेव्हा खुदकन हसली. मग म्हणाली, "निवटी दिसली का गं?"

"दिसली ना. चांगली वीतभर."

"एकच?"

"मी तीन बघितल्या."

ती काही वेळ बोललीच नाही. मग विचारते, त्या बोटीत चढायला पायऱ्या आहेत की फळी टाकतात, आणि पुढची संकष्टी कुठल्या वारी येते.